गळ, तंगूस आणि गप्प बसणं

नदीवर मासे धरायला गळ लागतो, तंगूस लागतो, गांडूळ लागतं आणि गप्प बसता यावं लागतं. गळ आणि तंगूस बाजारात मिळतात, गांडूळ परसात मिळतं. चौथी वस्तू मात्र सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत पिकत नाही. आमच्याकडचा माणूस शेतात एकटा असला तर बैलाशी बोलतो. बैल विकून ट्रॅक्टर घेतला तर ट्रॅक्टरवर गाणी लावून सगळ्या शिवाराशी बोलतो. एसटीत शेजारी बसलेल्याला ‘कुठलं गाव?’ विचारून पुढचा फाटा यायच्या आत त्याच्याशी सोयरीक काढतो. अशा माणसाला भल्या पहाटे पाण्याकडं बघत तोंड मिटून बसायला सांगणं ही सजाच. म्हणून आम्ही तयारी करतो. तयारीत बोलायला भरपूर वाव असतो, आणि ती जितकी लांबेल तितकं ते गप्प बसणं पुढं ढकललं जातं.

ही सहल मेव्हण्याच्या डोक्यातून निघाली. तो वाकडला असतो, संगणकावर काहीतरी करतो आणि अधूनमधून त्याला निसर्गाची उबळ येते. मागच्या उबळीचे ट्रेकिंगचे बूट अजून आमच्या माळ्यावर आहेत. यंदा फोन आला, “दाजी, आपण गाईडेड रिव्हर फिशिंग करू.”

मी म्हटलं, “अरे, नदी घरापासनं चालत जाण्यासारखी आहे. तिथं पोचायला गाईड कशाला?”

“तसं नाही दाजी. लोकल एक्स्पर्ट लागतो. तो आपल्याला पाणी वाचायला शिकवतो.”

सांगलीकराला पाणी वाचायला शिकवायचं! कृष्णेवरचा आयर्विन पूल १९२९ सालचा. त्या पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा आणि ४५ वर गेलं की धोका, हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाढ्यांच्या आधी येतं. पावसाळ्यात दोन सांगलीकर भेटले तर तब्येत विचारायच्या आधी फूट विचारतात, आणि ‘साडेसदतीस, पण कोयनेतनं सोडलंय’ एवढ्या उत्तरावर एकानं माळा झाडायला घरी जायचं आणि दुसऱ्यानं जावयाला फोन लावायचा, हे न सांगता ठरलेलं असतं. पण बायकोच्या देखत तिच्या भावाला असलं ऐकवता येत नाही. मी हो म्हटलं.

लगेच व्हॉट्सॲपवर ग्रुप झाला. त्यात साताऱ्याकडचे एक निवृत्त सुभेदार, तासगावचे एक द्राक्षबागायतदार आणि मिरजेचे एक प्राध्यापक आले. प्राध्यापक माळकरी आहेत. मासा खाणं सोडाच, त्याचा वास आला तरी विठ्ठल विठ्ठल म्हणतात. पण सहल म्हटल्यावर माणूस कुठं जातो यापेक्षा कुणाबरोबर जातो याला महत्त्व, असं त्यांचं म्हणणं. सुभेदारसाहेबांनी पहिल्याच संध्याकाळी नकाशा टाकला. त्यावर लाल पेनानं बाण होते. फौजींचं गाव असलेल्या अपशिंग्याच्या आसपासच्या माणसाला सहल आणि मोहीम यांत फारसा फरक करता येत नाही, पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे.

पहिला वाद जागेवरून. सुभेदारांचं म्हणणं, मासे धरायचे तर सातारा जिल्ह्यात, नदी जिथं जन्मते तिथं. महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात कृष्णा उगम पावते, वाईला ढोल्या गणपतीपुढून जाते, माहुलीला तिला वेण्णा मिळते, कराडला कोयना समोरून येऊन धडकते. “वरचं पाणी स्वच्छ, थंड. तुमच्याकडं येईपर्यंत तिच्यात राहतंय काय?” बागायतदारांना हे लागलं. सांगली जिल्ह्यात कृष्णा आली की तिला पोट येतं, खोल डोह होतात, हरिपूरला वारणा मिळते, आणि मोठा मासा खोल पाण्यातच असतो, असं त्यांनी तीन व्हॉइस मेसेजमध्ये सांगितलं. दोघेही बरोबर होते, त्यामुळे वाद मिटेना.

तो शेवटी सरकारनं मिटवला. कोयनेचा शिवसागर अभयारण्यात, चांदोलीचा जलाशय राष्ट्रीय उद्यानात, आणि २०१० पासून दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. तिथं गळ टाकला तर मासा लागायच्या आधी वनरक्षक लागतो. राहिलं धोम, कण्हेर वगैरे. पण धरणाच्या जलाशयातली मासेमारी मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्यानं दिलेली असते. बीज ते सोडतात, मासे ते धरतात, त्यांना विचारल्याशिवाय काठी लावायची नाही. मेव्हणा म्हणाला, “माशांची पण सोसायटी?” त्याला वाकडमध्ये राहून विसर पडलाय. आमच्याकडं ऊस सहकारात, दूध सहकारात, सूत सहकारात, पतपेढी सहकारात. जलाशयातला मासाही सहकारी. नदीतला तेवढा अपक्ष. म्हणून आम्ही नदी धरली, आणि तीही भिलवडीच्या अंगाची. चितळ्यांच्या दुधामुळं पुण्यापर्यंत माहीत असलेलं गाव, मोठा दगडी घाट, पलीकडं औदुंबरचं दत्ताचं देऊळ, आणि पुणे-मिरज लाईनवर स्टेशन असल्यानं सुभेदारांना साताऱ्याहून गाडीत झोपून येता येतं.

मेव्हण्याला मात्र महाशीर पाहिजे होता. त्यानं कुठंतरी फोटो बघितलेला. गुडघाभर पाण्यात उभा गोरा माणूस, हातात लहान पोराएवढा सोनेरी मासा, दोघांच्याही तोंडावर आश्चर्य. कावेरीकाठी भीमेश्वरी, गालिबोरे अशा ठिकाणी त्या माशासाठी तंबू ठोकून शिबिरं चालायची. जगभरातले हौशी लोक यायचे, मासा धरायचे, वजन करायचे, फोटो काढायचे आणि परत पाण्यात सोडायचे. साहेबाला हा नाद जुना. एच. एस. थॉमस नावाच्या कलेक्टरनं १८७३ सालीच ‘द रॉड इन इंडिया’ म्हणून जाडजूड पुस्तक लिहून ठेवलंय. जमाबंदी कधी करत होता कोण जाणे.

पण गंमत अशी की दख्खनचा महाशीर मूळचा आपल्याकडचाच. कर्नल साइक्सनं १८३९ साली त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं ते पुण्याच्या मुळा-मुठेतला मासा बघून. नंतर नद्यांवर धरणं झाली, मासा कमी झाला. तेव्हा टाटांच्या वीज कंपनीनं लोणावळ्याला त्याची अंडी उबवून पिलं वाढवायला सुरुवात केली, आणि ती पिलं ठिकठिकाणच्या पाण्यात सोडली, त्यात कावेरीही आली. म्हणजे सह्याद्रीत वाढलेलं पोर लोणावळ्याला तयार होऊन कर्नाटकात चमकलं. आमच्या वाळव्या-तासगावच्या इंजिनियर पोरांचा रस्ता यापेक्षा वेगळा नाही. पोरं बंगळूरला गेली, तर तिथं आधीच रुळलेल्या लोकांची कुरबूर झाली. हा मासा कावेरीत गेला, तर तिथल्या मूळच्या कुबडवाल्या महाशीराची पंचाईत झाली, आणि २०१८ साली त्या बिचाऱ्याचं नाव अतिसंकटग्रस्तांच्या जागतिक यादीत चढलं. परप्रांतीयांचा प्रश्न पाण्याखालीही आहे.

महाराष्ट्र सरकारनं २०२३ साली राज्य मासा जाहीर केला तो पापलेट. खाऱ्या पाण्यातला. कृष्णाकाठाला कुणी विचारलं नाही. बागायतदार म्हणाले, “विदर्भाचा अनुशेष म्हणत्यात, आमच्या मरळीचा कोण भरून काढनार?”

आता गाईड. मेव्हण्यानं नेटवर शोधलं तर तिथं सापडले ते जीन्स घातलेले, आणि त्यांचा दर डॉलरमध्ये. मग मी भोई आळीत चौकशी केली. जो पहिला भेटला त्यानं दुसऱ्याचं नाव सांगितलं, दुसऱ्यानं तिसऱ्याचं, आणि तिसरा म्हणाला, “त्यापरीस आबास्नी इचारा.” आबा घाटाच्या पायरीवर जाळं विणत बसले होते. अंगात बंडी, डोक्यावर टोपी, कानात विडी. पावसाळ्यात पलीकडं जायला नाव, आणि नाव नसेल तेव्हा गुळाची काहील पाण्यावर सोडून तीत माणसं बसवून नेलेला माणूस. मी सगळं समजावून सांगितलं. आबांनी जाळ्यातली मान वर केली नाही.

“पावनं, तुमास्नी मासं धरायचं हाय, का मासं खायाचं हाय?”

“दोन्ही.”

“मंग दोन येगळी मानसं बगा.”

मेव्हण्यानं पुढं होऊन आपलं धोरण सांगितलं. मासा धरायचा, त्याला इजा न होऊ देता गळ काढायचा आणि परत सोडायचा. आबांनी आता जाळं खाली ठेवलं.

“सोडायचा?”

“हो.”

“मंग धरायचा कशापायी? त्यो तिकडं हाय, आपुन हिकडं हाय. ठरल्यालंच हाय की.”

यावर थॉमससाहेबाच्या पुस्तकातही उत्तर असेलसं वाटत नाही.

पण हजेरी ठरली, आणि आबांनी आमची तपासणी घ्यायला सुरुवात केली. मुलगी बघायला आलेल्यांनी विचारावं तसे प्रश्न. पोहता येतं का? रक्तदाब आहे का? उन्हात बसता येतं का? दारू आणणार का? शेवटच्या प्रश्नाला सुभेदारसाहेब ‘कॅन्टीनची आहे’ असं काहीसं पुटपुटले. आबा म्हणाले, “ती घाटावर न्हाई. वर दत्त हाय, खाली मगर हाय. दोगांस्नी बी चालत न्हाई.”

मगर हा शब्द असा सहज आला, तेव्हा मेव्हण्याची दातखीळ बसली. कृष्णेत भिलवडी, औदुंबर, अंकलखोप, ब्राह्मणाळ ते पार कसबे डिग्रजपर्यंत मगरी आहेत हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. घाटावर वनखात्याचे फलक असतात. माणसं गेली आहेत, गुरं गेली आहेत, ती चेष्टेची गोष्ट नाही. मगर कायद्यानं पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीला बसलेली. आबांचं निम्मं मार्गदर्शन मासे कसे धरायचे हे नव्हतंच. आपण कसं धरलं जायचं नाही हे होतं. पाण्याला लागून उकिडवं बसायचं नाही, कारण वाकलेला माणूस तिला जनावर वाटतो. पाण्यात हात धुवायचे नाहीत. धरलेले मासे पिशवीत घालून काठाला लोंबत सोडायचे नाहीत, ते आमंत्रण असतं. मासे साफ करून घाण तिथंच टाकायची नाही. रोज एकाच जागी बसायचं नाही. थंडीत ती सकाळची ऊन खायला मळीवर येऊन तोंड उघडून पडते, तेव्हा ती झोपलीय असं समजायचं नाही. आणि उन्हाळ्याच्या तोंडाला काठाच्या मातीत खड्डा करून अंडी घालते, तेव्हा तर त्या बाजूला फिरकायचंच नाही.

प्राध्यापकांनी विचारलं, “पण आपण तिच्या वाटेला गेलो नाही, तर ती आपल्या वाटेला जात नाही ना?”

“न्हाई जात. पर तिची वाट कंची, ती तिलाच ठावं.”

मेव्हण्यानं त्या रात्री कमरेपर्यंतचे रबरी बूट परत करायची खटपट केली. पाण्यात उभं राहून मासेमारी करायचा मूळ बेत होता.

बाकीचं सामान मात्र येतच राहिलं. दारात रोज एक खोकं. दुर्बिणीसारखी एकात एक जाणारी काठी, पितळी कडीचं रीळ, सतरा खिशांचं जाकीट, पाण्याखालचं दिसणारा चष्मा, माशाचं तोंड धरायचा चिमटा, मासा मोजायची पट्टी, तोलायचा काटा. बायको म्हणाली, “अहो, एवढ्यात पापलेटसुद्धा आलं असतं.” तिचं माहेर त्याच घरातलं आहे, म्हणून मी पुन्हा गप्प. शेवटच्या खोक्यात होते रबरी बेडूक. हिरवे, पोटाला पिवळे, मागच्या पायांत दोन गळ लपवलेले. आबांनी त्यातला एक तळहातावर घेतला, उलटा केला, त्याच्या पोटाला बोट लावलं.

“कितीला?”

“साडेतीनशे.”

“एक?”

“एक.”

“मरळ खाती बगा बेडूक,” आबा म्हणाले, आणि मेव्हणा फुलला. “पर साडेतीनशेचा बेडूक मरळीनं तोडून न्हेला, तर शिकार कुनी कुनाची केली म्हनायची?”

त्यांचं स्वतःचं सामान एका दुधाच्या किटलीत मावत होतं. कळकाची काठी वेगळी, ती घरावर आडवी ठेवलेली असते. किटलीत तंगुसाची गुंडी, शिशाचे बारके तुकडे, चिंधीत टोचून ठेवलेले गळ, आणि तरंगायला मोरपिसांची देठं. पीस झडून गेलेलं, नुसतं पांढरं पोकळ देठ. ते पाण्यावर उभं राहतं आणि मासा नुसता हुंगून गेला तरी मान हलवतं. देठ नसलं तर ज्वारीच्या ताटाचा भेंड चालतो. गळ बांधायला घेतला तेव्हा सगळे त्यांच्या खांद्यावरून वाकले. तंगुसाचं टोक गळाच्या नेढ्यातून ओवलं, मागं वळवून त्याच दोऱ्याभोवती पीळ घातले, टोक पुन्हा मुळातल्या फाशातून काढलं. आणि आवळायच्या आधी ती गाठ तोंडात धरून ओली केली. कोरडी आवळली तर तंगूस घासून तापतो, तिथंच कच्चा होतो आणि मासा लागल्यावर बरोबर त्याच जागी तुटतो. मेव्हण्यानं मोबाईलवर त्या गाठीचं इंग्रजी नाव शोधून काढलं, तोवर आबांच्या तीन गाठी झाल्या होत्या. त्यानं बांधलेल्या गाठीला आबांनी हिसका दिला आणि गळ त्यांच्या हातात आला. ते काही बोलले नाहीत. गळ चिंधीला टोचून ठेवला.

त्यानंतर आमिष. गांडूळ हे सर्वांचं खाद्य, पण रोहू, मृगळ असल्या माशांना पिठाचा गोळा आवडतो, आणि गोळा म्हटल्यावर विषय स्वयंपाकघरात गेला. कणीक कशी मळायची यावर ज्यांनी जन्मात परातीला हात लावला नाही अशा चौघांची मतं आली. आबांचा पाठ साधा: कणीक, शेंगपेंड, थोडा गूळ, घट्ट भिजवायची, बोटाला चिकटता कामा नये आणि पाण्यात विरघळता कामा नये. सुभेदारांनी हिंग घालायला सांगितला. बागायतदारांनी बेदाणा कुटून घालायचा आग्रह धरला. तासगावचा माणूस मेतकुटातही बेदाणा सुचवील. सर्वांत पुढं निघाले प्राध्यापक. ते म्हणाले, हा विषय शास्त्रात आलेला आहे.

आणि आलेला आहे, खरोखर. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानं बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात राज्यकारभारापासून स्वयंपाकापर्यंत सगळं आहे, आणि मत्स्यविनोद म्हणून मासेमारीवर वेगळं प्रकरण आहे. काठी कशी, दोरी कशाची, कुठल्या माशाला काय चारायचं. तिळाचं पीठ, भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ, भात यांचे गोळे करून माशांना आधी चांगली सवय लावायची, मग गळ टाकायचा. हा राजा परका नव्हे. त्याच्या वडिलांची, विक्रमादित्याची, एक राणी चंद्रलेखा ही कराडच्या शिलाहारांची लेक. म्हणजे कराडशी सोयरीक. आठ-नऊशे वर्षांपूर्वी राजानं सिंहासनावर बसून जे सांगितलं तेच आबा घाटावर बसून सांगतात. फरक एवढाच की राजाच्या गोळ्याला बायकोनं ‘माझी परात घ्यायची नाही’ असं सांगितल्याची नोंद नाही. आमच्याकडं शेवटी गोळा जुन्या घमेल्यात मळला, प्राध्यापकांनी. गळ्यातली माळ पाठीवर सरकवून. “मी फक्त पीठ मळतोय,” असं ते दोनदा म्हणाले.

आता तारीख. इथं मात्र कुठल्याही राजाचं काही चाललं नसतं. भिंतीवरचं कालनिर्णय खाली काढलं. सोमवार महादेवाचा. मंगळवार गणपतीचा, आणि सांगलीत राहून गणपतीचा वार मोडायचा नाही. गुरुवार दत्ताचा, त्यातून समोर औदुंबर. शुक्रवार बायकोचा. शनिवार मारुतीचा, शिवाय सुभेदारांचा उपास. बुधवार आणि रविवार राहिले. बुधवारी मेव्हण्याच्या अमेरिकेच्या मीटिंगा. रविवारांतून एकादशी, संकष्टी, महाशिवरात्र वजा केली. उरलेल्यांतला एक सुभेदारांच्या गावच्या यात्रेनं खाल्ला, एक लग्नात गेला, आणि एकदा बागायतदारांचा माल उतरायचा होता. व्यापारी दारात उभा असताना द्राक्षवाला माणूस देवाचंही ऐकत नाही. माळकरी प्राध्यापक, ज्यांना कुठल्याच वारी मासा खायचा नव्हता, ते मात्र सगळ्या वारी मोकळे होते.

एक रविवार सापडला. तो आबांना कळवला, तर आबा म्हणाले, “तुमचं झालं. आता नदीला इचारा.” आमची नदी हल्ली पावसावर चालत नाही, पाटबंधारे खात्यावर चालते. कोयनेत १०५.२५ टीएमसी पाणी मावतं. त्यातलं ६७.५ टीएमसीपर्यंत वीज करून डोंगरापलीकडं वाशिष्ठीत, चिपळूणकडं जातं, आणि उरलेल्यावर आमच्या दोन जिल्ह्यांची भांडणं. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांचे पंप सुरू झाले की नदीचं पाणी उतरतं. पाणी उतरलं की मोर्चा निघतो. मोर्चा निघाला की कोयनेतून पाणी सुटतं, आणि नदी पुन्हा चढते. माशाला ऋतू कळतात, भरती-ओहोटी कळली असती, पण कालवा सल्लागार समितीची बैठक कशी कळणार? आबांचं मत, पाणी हळूहळू चढत असताना मासा चाऱ्याला फिरतो, आणि झपाट्यानं उतरायला लागलं की डोहात तोंड घालून बसतो. म्हणून ते रोज सकाळी घाटाची कुठली पायरी भिजलीय ते बघतात आणि संध्याकाळी टीव्हीवर पालकमंत्री काय म्हणाले ते ऐकतात. दोन्ही जुळलं तर गळ.

आणखी एक धोका त्यांनी फार बोलून दाखवला नाही. मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला होता. दूषित पाणी. लोक टोपल्या घेऊन धावले होते. “तवा गळ बी लागला न्हाई आनि आमीस बी,” आबा म्हणाले, आणि बराच वेळ जाळ्याची गाठ सोडवत राहिले. त्यांचं पोरगं आता एमआयडीसीत जातं.

मग राहिली मूळची अडचण, गप्प बसण्याची. आबांनी तिची रंगीत तालीम घ्यायची ठरवली. घाटाखाली एकाच्या म्हशी डुंबत होत्या. “त्या म्हशी भायेर येऊस्तवर कुनी बोलायचं न्हाई. पाय आपटायचं न्हाई. मासा आवाज कानानं न्हाई, अंगानं ऐकतो.” हे बरंचसं खरं आहे, माशाच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना एक संवेदनशील रेघ असते, तिला पाण्यातली बारीक हालचालही कळते.

आम्ही ओळीनं बसलो. समोर औदुंबरच्या काठावर कुणीतरी धुणं आपटत होतं. पहिल्यांदा फुटले सुभेदार. सैन्यात तासन्‌तास दबा धरून बसलेला माणूस, पण तिथं समोर शत्रू होता, इथं म्हशी होत्या. त्यांनी त्यातली तिसरी मुऱ्हा आहे की मेहसाणा असं हळूच विचारलं. प्राध्यापक ‘मुऱ्हा’ म्हणाले. मग बागायतदारांचा फोन वाजला. त्यांनी तो बंद करायला उचलला, पण पलीकडून औषधाच्या फवारणीचं विचारत होते, आणि फवारणीला नाही म्हणता येत नाही. मेव्हणा तोंड मिटून होता, पण गप्प बसलेल्या स्वतःचा व्हिडिओ काढत होता. मी आबांकडं बघितलं. ते केव्हाच उठून म्हशींच्या मालकाशी ऊसबिलाबद्दल बोलायला गेले होते.

परत आले ते सामानाची शेवटची यादी सांगायला. टोपी पांढरी नको. पाण्याची बाटली भरून. भडंग आणा, पण कागदी पिशवीत, प्लॅस्टिक वाजतं. साताऱ्याच्या पाव्हण्यांनी कंदी पेढे आणले तर देवाला आधी. रबरी बेडूक घरी ठेवा.

“आणि दुपारच्या जेवणाचं?” प्राध्यापकांनी विचारलं. त्यांचा प्रश्न रास्त होता.

“तुमास्नी मळीतल्या वांग्याचं भरीत. बाकीच्यांस्नी माशाचं कालवण आनि भाकरी. घरातनं यील.”

“पण आबा,” मेव्हणा म्हणाला, “आम्हाला मासे मिळाले नाहीत तर?”

“तुमास्नी न्हाईतच मिळायचं. मी आदल्या राच्च्याला जाळं लावून ठिवतो की.”

मेव्हण्याचा चेहरा उतरला. थोडा वेळ त्यानं काठीचे तुकडे एकात एक सारले, पुन्हा बाहेर काढले. मग आबांच्या जवळ सरकून खालच्या आवाजात म्हणाला, “त्यातला एखादा जिवंत ठेवाल का? फोटोपुरता. मग सोडून देऊ.”

आबांनी कानातली विडी काढली.

“ठिवीन की. फोटूचं येगळं पडंल. आनि सोडनार असला, तर माशाचं पैसं आदी.”